आणि एक खुर्चीवर

मित्रांनो, माझ्यावर बसायचे असेल तर जरा बेताने बसा. डाव्या बाजूचे रिबीट सैल झाले आहे आणि उजव्या पायाला चीर गेली आहे. मी घडीची खुर्ची. जुनी आहे हे वेगळे सांगायला नको, एकदा उघडून पाहिलेत की माझी कुरकुर तुम्हाला ते सांगेलच. उघडणे आणि मिटणे, मिटणे आणि उघडणे, यातच माझा जन्म गेला. लोक म्हणतात, खुर्चीला कसले आले आहे काम, तिने नुसते उभे राहायचे असते. अहो, दिवसभर कुणाला तरी मांडीवर घेऊन नुसते उभे राहून बघा एकदा, मग आपण बोलू.

मला एका सुताराने घडवले. त्याच्याकडे एक दिवस एक तरुण गाईड आला. राजवाडा आणि डोंगरावरच्या आदिमानवाच्या गुहा असा दिवसभराचा फेरा तो प्रवाशांना घडवत असे. गर्दीत आपल्या माणसांना आपण दिसावे म्हणून मिटलेली छत्री उंच धरून तो पुढे चाले. त्यामुळे सगळे त्याला छत्रीवाले म्हणत. मीही तेच म्हणते.

"खुर्ची हलकी हवी," छत्रीवाल्यांनी सुताराला सांगितले. "खांद्याला लटकवता आली पाहिजे आणि एका हाताने उघडली पाहिजे. दुसऱ्या हातात माझ्या छत्री असते."

"आणि बसणार कोण? तुम्ही?"

"मी कसला बसतोय! दर फेरीत एखादं म्हातारं माणूस थकतं हो. त्याच्यासाठी."

सुतार हाताचा पक्का, पण तोंडाचा फटकळ. "म्हणजे एकाचे पाय दुखतात म्हणून तुम्ही खांदा दुखवून घेणार," असे म्हणत त्याने रंधा हातात घेतला. चार पाय, दोन आडवे दांडे आणि दोन रिबिटे, एवढ्यात माझा सांगाडा तयार झाला. बसायचे कापड मात्र घरून आले. छत्रीवाल्यांचे नुकतेच लग्न झाले होते. त्यांच्या बायकोने जुन्या तंबूचे जाड कापड कापले आणि त्याला दुहेरी शिलाई घातली. सुई बोटात शिरली तेव्हा ती "आई गं" म्हणाली, ती आमची पहिली ओळख. तिला मी तेव्हापासून बाई म्हणत आले आहे.

पुढची तीस वर्षे मी रोज तोच रस्ता तुडवला, म्हणजे छत्रीवाल्यांच्या खांद्यावरून. सकाळी राजवाडा, दुपारी गुहा. माझ्यावर किती जण बसले याची गणती नाही. निवृत्त शिक्षक बसले, बाळंतपणाला टेकलेल्या बायका बसल्या, चप्पल तुटलेले बसले, आणि काही नुसतेच आळशीही बसले. उठताना जवळजवळ प्रत्येक जण म्हणे, "काय बरं वाटलं हो!" तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचा जिना चढत असे. तुम्हाला हसू येईल, पण कौतुक कुणाला नको असते?

छत्रीवाल्यांची माणसे मोजायची एक पद्धत होती. दालनातून बाहेर पडताना ते छत्रीच्या टोकाने एकेकाला मोजत. जो माझ्यावर बसलेला असे तो सगळ्यांच्या मागे, एखाद्या खांबाआड नाही तर कोपऱ्यात. त्याच्यासाठी टाचा उंच करून कोण बघत बसणार? म्हणून समोरची डोकी मोजून झाली की ते म्हणत, "तेरा, आणि एक खुर्चीवर. चौदा. चला!" मला त्याचा कोण अभिमान वाटायचा! हजेरीत जागा असलेली खुर्ची तुम्ही दुसरी कुठे पाहिली आहे का? मग ते मला उचलायला मागे येत, थकलेल्या माणसाला हात देत आणि मला खांद्याला लावत. तीस वर्षांत एकही माणूस हरवले नाही, हे ते छाती पुढे काढून सांगत. ते खरेही होते. पण त्याचे कारण मोजणी नव्हती. मला उचलायला त्यांना मागे यावेच लागे, हे खरे कारण होते. ते त्यांच्या कधी ध्यानात आले नाही.

संध्याकाळी घरी आले की त्यांच्या विजारी गुडघ्यापर्यंत लाल झालेल्या असत. गुहेत वाकून, कधी गुडघ्यांवर रांगत जावे लागे, आणि तिथली माती मोठी चिवट. बाई दोन-दोन पाण्यांतून त्या विजारी घासत.

"त्या गुहेत एवढं आहे तरी काय?" एकदा त्यांनी विचारले.

"हात आहेत. माणसांनी गेरूत बुडवून भिंतीवर उमटवलेले. हजारो वर्षांपूर्वीचे, पण अगदी काल उमटवल्यासारखे दिसतात. पुढच्या रविवारी नेतो तुला."

रविवारी सगळ्यांत जास्त प्रवासी येत, त्यामुळे तो रविवार काही उजाडला नाही. मुले लहान होती तेव्हा त्यांच्यामुळे राहिले. मुले मोठी झाली तेव्हा परीक्षांमुळे राहिले. छत्रीवाले निवृत्त झाल्यावर त्यांना त्या रस्त्याचे नावही नकोसे झाले, आणि तोवर बाईंचे गुडघे बोलायला लागले होते.

माझेही दिवस फिरले. मला न्हाणीघराच्या दारामागे उभे केले. दिव्याचा बल्ब बदलायचा असला की चपलेसकट माझ्यावर चढत. एरवी ओल्या कपड्यांची बादली माझ्या डोक्यावर. एकदा भिंतींना रंग द्यायला आलेल्या माणसाने डबा ठेवला, त्याचा गोल डाग अजून माझ्या कापडावर आहे. अकरा वर्षे मी तिथे ओल खात काढली. राग येत नव्हता, नुसता कंटाळा येत होता. कंटाळासुद्धा इतकी वर्षे केला की सवयीचा होतो.

मग एका सकाळी बाईंनी छत्रीवाल्यांच्या चहाच्या कपाजवळ वर्तमानपत्र ठेवले आणि एका बातमीवर बोट टेकवले. माणसांच्या श्वासांनी गुहेतले रंग उडत चालले होते. म्हणून येत्या सोमवारपासून गुहा कायमची बंद होणार होती. पुन्हा कधीच उघडणार नव्हती.

"हा रविवार," बाई म्हणाल्या.

त्यानंतर म्हातारबुवांच्या अंगात जे वारे शिरले ते विचारू नका! छत्री पुसली. आरशासमोर उभे राहून सगळी माहिती पुन्हा पाठ केली. मुलगा-सून आणि मुलगी-जावई यांना फोन करून दोन गाड्या ठरवल्या. गुहेत एका वेळी बाराच माणसांना सोडत, म्हणून दुपारी दोनच्या तुकडीत सहा जागा धरल्या. मलाही दारामागून काढून उन्हात ठेवले. अकरा वर्षांनी ऊन लागले तेव्हा माझे कापड तडतडले.

निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, आधी गुहाच बघू ना. आईचे पाय सकाळी बरे असतात."

"छे! आधी राजवाडा, मग गुहा. दोननंतर ऊन थेट आत शिरतं, हात तेव्हाच नीट दिसतात. तीस वर्षं मी उगाच नाही फिरलो."

मुलीने आईकडे बघितले. बाई म्हणाल्या, "जाऊ दे. त्यांना दाखवायचंय ना, त्यांच्या पद्धतीनं दाखवू दे."

त्या दिवशी मला छत्रीवाल्यांच्या खांद्यावर जागा नव्हती. त्यांचे वय बघून मुलाने मला उचलले. इथेच घोळाची सुरुवात झाली, पण तेव्हा ते कुणालाच कळले नाही, मलासुद्धा नाही.

राजवाड्यात पाऊल टाकताच छत्रीवाले पंचविशीतले झाले. छत्री वर गेली, आवाज चढला. राजाचा पलंग इतका आखूड का, दरबाराच्या फरशीत एकच काळा दगड कशाला, राणीच्या खिडकीला जाळी असूनही तिला खालचा बाजार कसा दिसायचा, सगळे त्यांनी रंगवून सांगितले. ऐकता ऐकता अनोळखी माणसेही भोवती जमली. आधी पाच, मग दहा, मग पंधरा-वीस. फुकटात इतका चांगला गाईड कोण सोडणार? आणि ऐकणारे वाढले की छत्रीवाल्यांनाही भान राहत नसे.

राणीच्या खोलीपर्यंत बाईंचे पाय भरून आले. मुलाने मला खिडकीजवळ उघडले. बाई बसल्या आणि त्यांच्या तोंडून हुश्श निघाले. मी किंचित कुरकुरले, त्यांनी माझ्या दांड्यावर थोपटले. "तुम्ही व्हा पुढे," त्या मुलाला म्हणाल्या. "हे बोलायचं थांबले की मला न्यायला या."

घोळका पुढच्या दालनात गेला. आवाज लांब लांब जात राहिला आणि मग ऐकू येईनासा झाला.

पुढे बाहेर काय झाले ते मला नंतर मुलीच्या तोंडून कळले. गाड्यांपाशी छत्रीवाल्यांनी छत्रीच्या टोकाने मुलगा, सून, मुलगी, जावई मोजले आणि म्हणाले, "चार, आणि एक खुर्चीवर. पाच. चला!" बाई येताना मुलीच्या गाडीतून आल्या होत्या, म्हणून मुलाला वाटले आई तिकडेच आहे. मुलीला त्या म्हणाल्या होत्या की जाताना मी मुलाच्या गाडीत पाय लांब करून बसेन, म्हणून तिला वाटले आई तिकडे आहे. मुलाला वाटले खुर्ची बाबांनी घेतली, बाबांना वाटले ती मुलाकडे आहे. आणि छत्रीवाल्यांचा आकडा आजवर कधी चुकला नव्हता, त्यामुळे कुणी तपासून बघायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही गाड्या निघून गेल्या.

आम्ही दोघी बसून राहिलो. दीड तास गेला. खिडकीच्या जाळीतून ऊन फरशीवर सरकत होते. एक छोटी मुलगी आईचा हात सोडून आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "तुम्ही राणी आहात का?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण आज राजा कुठे गेलाय ते कळत नाहीये."

ती पोर हसत पळाली. बाईही हसल्या, पण त्यांचा हात पिशवी चाचपत होता. पिशवी मुलीच्या गाडीत राहिली होती आणि फोन त्या पिशवीत होता.

मग खोलीची पहारेकरीण आली. "आजी, इथे बसायला मनाई आहे. ऐतिहासिक खुर्च्यांवर बसू नका."

"ही माझी घरची खुर्ची आहे बाई. हिचा इतिहास मीच शिवलाय."

पहारेकरणीने मला नीट बघितले आणि ती वरमली. "तुमची माणसं कुठे आहेत?"

"छत्रीवाले म्हणून एक गृहस्थ आहेत ना, मघाशी मोठमोठ्याने सांगत होते..."

"ते? ते तर केव्हाच गेले, आजी. दोन गाड्या होत्या, दोन्ही गेल्या."

बाईंचे सगळे वजन एकदम माझ्यावर आले. माणूस सावरून बसतो तेव्हा त्याचा अर्धा भार त्याच्या स्वतःच्या पायांवर असतो. तो भार तेव्हा पायांतून गेला. मित्रांनो, हजारो माणसांनी माझ्यावर बूड टेकले, पण इतके जड कुणी बसल्याचे मला आठवत नाही. मला त्या दिवशी छत्रीवाल्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला.

पहारेकरणीने विचारले, कुणाचा नंबर पाठ आहे का. बाईंना एकच नंबर पाठ होता, त्यांच्या स्वतःच्या घरचा, आणि घरी कुणी नव्हते. शेवटी पहारेकरणीनेच गुहेच्या कार्यालयात फोन लावला. तिकडे दोन्ही गाड्या नुकत्याच पोचल्या होत्या आणि एकमेकींच्या मागच्या सीटवर बाईंना शोधणे चालू होते. गुहा तिथून सव्वा तासाच्या रस्त्यावर. यायला सव्वा तास, परत जायला सव्वा तास. दोनची तुकडी तर गेल्यात जमा होती. पहारेकरणीने विचारून घेतले, शेवटची तुकडी सव्वाचारला आत सोडणार होते.

"पोचाल तुम्ही," ती म्हणाली, आणि तिने आपल्या डब्यातले उकडलेले अंडे सोलून बाईंच्या हातावर ठेवले. बाईंनी ते खाल्ले. भूक लागली होती, असे त्या नंतर म्हणाल्या.

तीनच्या सुमारास छत्रीवाले आणि मुलगी धापा टाकत आले. छत्रीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंना बघून ते दारातच थांबले.

"गर्दी होती गं," ते म्हणाले.

बाईंनी पदर खोचला.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "निदान चुकलो असं तरी म्हणा."

"अगं पण आकडा बरोबर आला होता..."

बाई उठल्या, मला मिटले आणि त्यांच्या हातात दिले. "चला. सव्वाचारला शेवटची तुकडी आहे."

गाडीत बाई पुढे बसल्या आणि छत्रीवाले मला मांडीवर घेऊन मागे. मग बाई समोरच्या काचेकडे बघतच म्हणाल्या, "तीस वर्षं तुमच्या विजारींची लाल माती काढली. ती येते कुठून तेवढंच बघायचं होतं मला. राजवाडा नको होता, काही नको होतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

डोंगराच्या पायथ्याशी चार वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि वर बहात्तर पायऱ्या होत्या. मी त्या दिवशी जे काम केले ते तरुणपणीही केले नसेल. दहा पायऱ्या झाल्या की छत्रीवाले मला उघडत, बाई टेकत, चार श्वास घेत, "उठते" म्हणत, आणि मी पुन्हा मिटत असे. चौथ्या वेळी माझे रिबीट सरकले. कळ निघाली, पण मी दात-ओठ खाल्ले, म्हणजे माझ्याकडे जे काही आहे ते खाल्ले.

वर पोचलो तेव्हा गुहेचे लोखंडी दार अर्धे लोटलेले होते आणि सून त्यात पाय रोवून उभी होती. मुलगा आणि जावई दोनच्या तुकडीतून मुकाट्याने जाऊन आले होते. सून मात्र गेली नव्हती. तिने आपली जागा शेवटच्या तुकडीत बदलून घेतली होती. तिथे तेवढी एकच जागा शिल्लक होती. आत अकरा माणसे खोळंबली होती आणि रखवालदार घड्याळाकडे बघत होता.

"आई, तुम्ही जा," सून म्हणाली. "माझ्या जागेवर."

छत्रीवाले पुढे झाले. "मी नेतो तिला. माहिती कोण सांगणार नाही तर? तिला काय कळणार आत?"

"जागा एकच आहे, काका," रखवालदार म्हणाला. त्याने त्यांना ओळखले होते, म्हणून त्याला ते म्हणणे जड गेले. "बाराच्या वर एकही नाही."

छत्रीवाल्यांच्या हातातली छत्री खाली आली. आठवडाभर आरशासमोर पाठ केलेले सगळे बोलणे त्यांच्या तोंडातच राहिले. बाई त्यांच्याकडे न बघता रखवालदाराच्या दंडाला धरून आत गेल्या.

छत्रीवाले माझ्यावर बसले. माझ्या सगळ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच माझ्यावर बसले. उजव्या पायाला चीर गेली ती तेव्हा. ते हळू आवाजात पुटपुटू लागले. "आता ती वाकली असेल... इथे डोकं सांभाळायचं... आता डाव्या हाताची भिंत... ऊन आता तिरकं झालं असेल, दिसतील का नीट..." मग ते सुनेला म्हणाले, "मागे वळून बघायला हवं होतं मी."

"हे मला सांगून काय उपयोग, बाबा?" सून म्हणाली.

बारा-पंधरा मिनिटांनी माणसे बाहेर येऊ लागली. बाई सगळ्यांत शेवटी आल्या. कपाळाला घाम, साडीला गुडघ्याशी लाल माती. छत्रीवाले ताडकन उठले.

"दिसले का? सदतीस आहेत एकूण. तू किती मोजलेस?"

"मी मोजले नाहीत," बाई म्हणाल्या. "एकेक बघितला."

छत्रीवाल्यांनी मला हाताने झटकून बाईंच्या मागे सरकवले, आणि बाई बसल्यावर ते वळून पुढे आले, अगदी त्यांच्या समोर. "चुकलो मी," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. बराच वेळ त्या आपल्या साडीवरची माती बघत बसल्या. रखवालदाराने दार ओढून घेतले आणि कुलूप घातले.

मित्रांनो, मला तेल लावा, माझे रिबीट ठोका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत, आणि खरे सांगायचे तर मी थकले आहे. एवढेच सांगते. तुम्ही फिरायला जाल, घोळक्याने जाल, हसत-खेळत पुढे चालाल. तेव्हा तुमच्यातले कोणीतरी मागे बसलेले असेल. ते हाक मारणार नाही, कारण तुमचा आनंद मोडावा असे त्याला वाटणार नाही. आकडा जुळला म्हणून निघू नका. त्याचा चेहरा दिसेपर्यंत मागे या.